दाराला लावलेली रायफल

आमच्या शिकारीच्या कॅम्पात एक रिवाज आहे. ज्याचा नेम चुकला आणि हरीण निसटलं, त्याच्या शर्टाची मागची शेपटी कात्रीनं कापायची आणि भिंतीवर खिळ्यानं ठोकायची. खाली नाव आणि साल. वारा होता, फांदी आडवी आली, नेमकी शिंक आली, असलं काही कुणी ऐकून घेत नाही. भिंत आता गोधडीसारखी झालीय. त्यात माझ्याही शेपट्या आहेत, आणि किती आहेत ते मी सांगणार नाही.

कात्री माझ्या बापाच्या ताब्यात. वालफ्रिड निएमेला, वय ऐंशी. मी शाळेच्या स्वयंपाकघरात सगळा जन्म काढला, शेकडो पोरांना दटावून जेवायला बसवलं, पण या एका माणसापुढे माझं कधी काही चाललं नाही. एवढ्या वर्षांत त्याची स्वतःची शेपटी भिंतीवर गेली नव्हती, आणि ते तो आम्हाला विसरूही देत नसे. कॉफी ओतता ओतता भिंतीकडे बघायचा आणि म्हणायचा, "यात माझं काही दिसत नाही बुवा."

मागच्या नोव्हेंबरात दिसलं.

नर चांगला मोठ्या शिंगांचा होता. उघड्यावर, जवळ, आडवा उभा. शाळकरी पोरानंही पाडला असता. बाबांनी गोळी झाडली, ती कुठे गेली देव जाणे, आणि नर पांढरी शेपटी वर करून रमतगमत निघून गेला. संध्याकाळी कॅम्पात प्रश्न पडला, आता कात्री कोण धरणार. शेवटी आर्लननं कात्री उचलली. आर्लन म्हणजे माझा आतेभाऊ, सिग्ने आत्याचा मुलगा. स्वभावानं वाईट नाही, पण या क्षणाची तो जन्मभर वाट बघत होता हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. बाबा निमूटपणे पाठमोरे उभे राहिले. अंगात आत्यानं नाताळात दिलेला नवाकोरा लोकरी शर्ट. कात्री चालली, खिळा ठोकला गेला, आणि बाबा वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी माझी वाट बघू नका."

आम्हाला वाटलं, राग आहे, बर्फ वितळेपर्यंत जाईल. बर्फ वितळला, राग काही वितळला नाही. बाबांनी रायफल घोंगडीत गुंडाळून पलंगाखाली सारली. उन्हाळ्यात कॅम्पाचं छप्पर गळायला लागलं तर विचारलंसुद्धा नाही की कोण दुरुस्त करतंय. त्यानंतर आपला नारिंगी कोट शेजाऱ्याच्या बुजगावण्याला दिला. तेव्हा मात्र मी हे हसण्यावारी नेणं सोडलं.

शिकार सुटली तर सुटली, घरात मांसाला तोटा नाही. पण माझा बाप वर्षाचे अकरा महिने नोव्हेंबरची तयारी करतो आणि एक महिना नोव्हेंबर जगतो. ते काढून घेतलं तर तो खिडकीशी खुर्ची ओढून बसेल आणि एक दिवस उठणार नाही. असे बसलेले म्हातारे मी आमच्या गावात पुष्कळ पाहिलेत. शिवाय कॅम्पाचा दुसरा रिवाज होता. पहिल्या दिवशी जंगलातून परतल्यावर जेवणापूर्वी सगळ्यांत वडील माणसानं कॉफीचा पेला हातात धरून उभं राहायचं आणि गेलेल्यांची नावं घ्यायची. आमच्या आजोबांपासून सगळी नावं बाबांना पाठ. आर्लनवर ते काम गेलं असतं तर त्यानं स्वतःच्या बापाचं नावही चुकवलं असतं.

नेम का चुकला ते मला ठाऊक होतं. डोळे. वसंतात बाबांनी ट्रॅक्टर घालून माझी पोस्टाची पेटी आडवी केली आणि वर मलाच म्हणाले, "रस्त्यात कशाला लावलीस?" डॉक्टरचं नाव काढलं की म्हणत, "त्या पोराला अजून मिसरूड फुटायचंय." त्यांची ती पलंगाखालची रायफल आजोबांच्या देशाच्या, फिनलंडच्या सैन्यातली, जशी आली तशी ठेवलेली, एक स्क्रूसुद्धा न बदललेला. तिच्यावर दुर्बीण लावायची म्हणजे नळीवर भोकं पाडायची. तसं मी नुसतं सुचवलं असतं तरी मला घराबाहेर काढलं असतं.

म्हणून मी डेल्बर्टकडे गेले.

डेल्बर्ट बंदुका दुरुस्त करतो, घरामागच्या गॅरेजात. जाडजूड, हळू बोलणारा, दाढीत सदा लाकडाचा भुसा. मी सगळं सांगितलं.

"सोपं आहे," तो म्हणाला. "नवीन घे. दुर्बीण लावलेलीच मिळते."

"नवीन बंदुकीला ते खेळणं म्हणतात. जी सैन्यात जाऊन आली नाही ती खांद्याला लावणार नाहीत."

"मग जुनी सैन्यातली घेऊ. दस्ता बदलू, दुर्बीण चढवू."

"आणि सैन्यातल्या बंदुकीला जो करवत लावतो त्याला घरात घेत नाहीत. आर्लननं त्याच्या बंदुकीला काळा प्लास्टिकचा दस्ता बसवला, तर दोन वर्षं झाली, ती सरपणाच्या खोलीत ठेवायला लावतात. म्हणाले, तिथं लाकडाशी ओळख होईल."

डेल्बर्टनं दाढी खाजवली. "म्हणजे तुला अशी बंदूक हवी, जी सैन्यातून आलीय, पण जिचं वाटोळं आधीच दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलंय."

"बरोबर. पाप दुसऱ्याचं, दुरुस्ती आपली."

"हे बरंय तुझं," तो म्हणाला आणि मागच्या रॅककडे गेला.

पहिली काढली ती रशियन. सबंध चिकट तेलात बुडवलेली, जणू लोणच्यातून काढलीय. डेल्बर्ट म्हणाला, "मजबूत. अशा ढिगांनी पडल्यात. हिला कापलं तर कुणी रडणार नाही."

"आजोबांचा धाकटा भाऊ अशाच एकीच्या गोळीनं गेला," मी म्हटलं. "ही घरात आणली तर बाबा रडणार नाहीत, मला रडवतील."

ती परत गेली. दुसरी इंग्रजी. लाकूड मधासारखं, पोलाद निळसर, मला तर बघताक्षणी आवडली. मी म्हटलं, ही घेऊ, हिचा दस्ता काढून टाकू. डेल्बर्टनं ती माझ्या हातातून हळूच सोडवून घेतली. तान्हं मूल अनोळखी बाईकडून परत घ्यावं तशी.

"हिच्या सगळ्या भागांवर एकच नंबर आहे. बोल्ट, नळी, दस्ता, सगळं एकाच जन्माचं. हिला हात लावणार नाही मी. तू दुकान विकत घेतलंस तरी नाही."

"मग विकायला कशाला ठेवलीस?"

"शहाण्या माणसाला विकायला."

मी चिडून जायला निघाले. गॅरेजचं मागचं दार आपोआप मिटतं, म्हणून त्याला काहीतरी टेकू लावलेला होता. माझा पाय त्यात अडकला. टेकू खणकन पडला, आणि बघते तर रायफल.

"ही काय आहे?"

"दार उघडं राहायला ठेवलीय," डेल्बर्ट जरा ओशाळून म्हणाला. "एका म्हातारीच्या घराच्या सामानात आली होती. विकायची लाज वाटते आणि फेकवत नाही. जरा बघ तिचे हाल."

हाल खरोखर बघवत नव्हते. नळी पुढून कापलेली, तीही तिरकी. पुढचं लाकूड अर्ध्यात तोडलेलं. गोळी आत सारणाऱ्या बोल्टाची मूठ कुणीतरी तापवून वाकवलेली, ती भलत्याच कोनात बाहेर आलेली. दुर्बिणीसाठी वरती भोकं पाडलेली, पण एक इकडे एक तिकडे. दस्त्याच्या मागे रबराचा जाडजूड तुकडा चिकटवून काळा रंग फासलेला. पण डेल्बर्टनं बोटानं धूळ पुसली तर नळीच्या मुळाशी चौकटीत दोन अक्षरं दिसली. फिनलंडच्या सैन्याचा शिक्का. बाबांच्या रायफलवर आहे तोच.

"नळी आतून चांगली आहे," डेल्बर्ट म्हणाला. "टोक नीट कापून घेतलं तर मारेल सरळ. कुणीतरी छळलंय बिचारीला, पण मेलेली नाही."

मी ठरवलं, हीच.

ती घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि बाबांना सांगितलं, "मी स्वतःसाठी घेतलीय. माझा खांदा दुखतो, नजर कमी झालीय. दुर्बीण लावून घेणार, मऊ गादी लावून घेणार. तुम्ही बोलू नका."

बोलू नका म्हटल्यावर ते बोलणारच होते. त्यांनी रायफल उचलली, खिडकीपाशी नेली, आणि बोटं फिरवायला लागले. तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबेना.

"ही नळी करवतीनं कापली का दातांनी? आणि हे लाकूड बघ. कानस लावलीय का कुऱ्हाड? मूठ तर चुलीत घालून वाकवलीय, बायका भाकऱ्या करत असताना. कुठल्या गाढवाचं काम आहे हे? चांगली आपल्या सैन्यातली बंदूक. ज्यानं केलं त्याचे हात लहानपणीच बांधून ठेवायला हवे होते. आईबाप काय करत होते त्याचे?"

"आता ते झालंच आहे बाबा. मी नवीन काही पाप करत नाही."

"नवीन पाप करायला जागा कुठे शिल्लक ठेवलीय त्या गाढवानं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "कुणाकडे देणार? डेल्बर्टकडे? त्याला तू एकटी काय सांगणार? मी येतो."

मला हेच हवं होतं. मी तोंड फिरवून भांडी घासायला लागले, कारण मला हसू आवरेना.

तिथून पुढे बाबा रोज डेल्बर्टकडे. नवीन दस्ता निवडला तो बाबांनी. आर्लनला ज्या प्लास्टिकसाठी सरपणात बसवलं होतं, तसलाच काळा, लांबी कमीजास्त करता येणारा. मी म्हटलं, "बाबा, प्लास्टिक?" तर म्हणाले, "हिचं सोवळं आधीच मोडलंय. तुझ्यासाठी चालेल." चाप नवीन, अलगद दबणारा, तोही त्यांनी चार वेळा परत करून निवडला. डेल्बर्टनं नळीचं टोक सरळ करून घेतलं, वाकडी भोकं बुजवून नवी पाडली. दस्त्याची लांबी मोजायच्या वेळी डेल्बर्ट गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "व्हेर्ना, तुझा हात आणि वडिलांचा हात सारखाच दिसतो. त्यांच्याच खांद्याला लावून मोजू." माझा हात त्यांच्या हातापेक्षा चांगला वीतभर आखूड आहे. ते तिघांनाही दिसत होतं. बाबांनी रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला, दोनदा पाय मागेपुढे केले आणि म्हणाले, "व्हेर्नाला आणखी जराशी लांब लागेल."

फक्त एक गोष्ट त्यांनी केली नाही. दुर्बीण चढली तेव्हा डेल्बर्ट म्हणाला, "बघा तरी एकदा, त्या कोठारावरचा कोंबडा कसा दिसतो." बाबांनी रायफल माझ्या हातात दिली. "तिची आहे, ती बघेल." मी कितीदा सुचवलं, पण दुर्बिणीला डोळा लावायचं नाव नाही. दुसऱ्या कशावरूनही त्यांना वळवता आलं असतं, यावरून नाही. मला वाटलं, सगळी मेहनत पाण्यात गेली. रायफल त्यांच्या मापाची तयार झाली आणि ती माझ्याच गळ्यात पडणार.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सिग्ने आत्या सौनाच्या वाफेच्या अंघोळीसाठी आली. दर शनिवारी येते, बगलेत टॉवेल आणि हातात वेलदोड्याचा पाव घेऊन. बाबांपेक्षा तीन वर्षांनी मोठी, पण चालते अशी की आपल्याला मागे धावावं लागतं. टेबलावर रायफल होती आणि शेजारी डेल्बर्टनं काढून दिलेल्या जुन्या भागांची पेटी. सैन्याच्या बंदुकीचं काहीही फेकायचं नाही असा बाबांचा दंडक. आत्यानं पाव ठेवायला जागा करताना पेटी सरकवली आणि त्यातला तो रबराचा तुकडा उचलला.

"हे कुठून आलं?"

"जुन्या दस्त्याची गादी आहे आत्या. काळी घाण नुसती. हात खराब होतील."

हात खराब होण्याची पर्वा तिला कधीच नव्हती. तिनं तुकडा उलटा केला. जी बाजू लाकडाला चिकटवलेली होती ती आता मोकळी झाली होती. आत्यानं नखानं वाळलेला गोंद खरवडला. खालून लाल रंग निघाला. आणखी खरवडला तर पाकळ्या दिसल्या. एक फूल, रबरात कोरलेलं. आत्यानं चष्मा काढला, बगलेतल्या टॉवेलाच्या टोकानं पुसला, परत घातला.

"हा माझा गमबूट आहे," ती म्हणाली.

मी हसले. मग बाबांकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी थांबलं. जेवणाच्या हॉलमध्ये बटाटा भिरकावून मग खाली बघून जेवणारी पोरं मी खूप पाहिलीत. अगदी तोच चेहरा.

"वालफ्रिड," आत्या म्हणाली.

"काय?"

"पहिल्या पगारातून कॅटलॉगमधून मागवलेले लाल गमबूट. टाचेवर फूल होतं, बर्फात उमटायचं. अख्ख्या गावात कुणाकडे नव्हते. त्यातला डाव्या पायाचा एका रात्रीत नाहीसा झाला."

"बरंच जुनं झालं ते सिग्ने."

"तू म्हणालास, मुस्तीनं चावून खाल्ला. कुत्रा आहे, म्हणालास, टाच पुरून ठेवली असेल कुठेतरी. माझ्याबरोबर फावडं घेऊन गोठ्यामागे खणत होतास तू. दोन दिवस."

मी रायफलकडे पाहिलं, त्या तुकड्याकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "बाबा. ते गाढव तुम्ही?"

बाबा खुर्चीत बसले. मग हळूहळू निघालं सगळं. एकोणीस वर्षांचे होते. तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात पिंपात छत्र्या ठेवाव्यात तशा सैन्यातल्या रायफली उभ्या ठेवलेल्या असायच्या. त्यांनी एक घेतली आणि कुठल्यातरी मासिकात बघून तिची शिकारीची सुबक बंदूक करायला घेतली, सौनाच्या मागे, आजोबा जंगलात लाकूड तोडायला गेलेले असताना. सुबक काही होईना. धक्का खांद्याला लागू नये म्हणून टाच कापली. चुलीचा काळा रंग फासला. मग आजोबा परतायच्या आदल्या दिवशी बाबा भानावर आले, की ही आपल्या सैन्याची बंदूक, जिच्यासारखी हातात घेऊन काका मेला. पाचावर धारण बसली. लाकडाच्या ट्रकवाल्याला देऊन टाकली. पुढे काही वर्षांनी दुसरी तशीच घेतली, आणि तिच्या एका स्क्रूलाही हात लावला नाही.

"आणि मुस्ती?" आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळेच मला भीती वाटली. "आपल्या बाबांनी त्याला तळ्यापलीकडच्या शेतावर देऊन टाकला. बूट खाणारा कुत्रा उद्या कोंबड्या खाईल म्हणून. बर्फावरून चालत परत आला तो, दोनदा. दोनदा पोचवला त्याला. आणि तू तिथं उभा राहून बघत होतास."

"हो."

"मी आईचे नमद्याचे बूट घालून हॉलमधल्या नाचाला गेले. ज्याच्यासाठी गेले त्या ऑस्करनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि दुसरीबरोबर नाचला. म्हणून मग मी आर्लनच्या बापाशी लग्न केलं."

"तो चांगला माणूस होता," बाबा हळूच म्हणाले.

"त्याला नाचता येत नव्हतं."

मला मधेच एक गोष्ट खटकली, आणि ती मी बोलून बसले. "पण बाबा, महिनाभर तुम्ही त्या गाढवाला शिव्या घालताय. आईबाप काढलेत त्याचे. स्वतःच्या हातचं काम ओळखू आलं नाही?"

बाबांनी टेबलावरची रायफल जवळ ओढली. अंगठा नळीवरच्या शिक्क्यावर फिरवला, जसा पहिल्या दिवशी खिडकीपाशी फिरवला होता.

"दिसलं असतं तर ओळखलं असतं," ते म्हणाले. "मला दिसत नाही, सिग्ने."

आत्या बसली. सौनाची चूल पेटलेली होती, तिकडे लक्ष द्यायला हवं होतं, पण कुणी उठलं नाही.

"मागच्या वर्षी तो नर," बाबा म्हणाले. "व्हेर्ना म्हणते उघड्यावर उभा होता. मला झाडं दिसत होती आणि मध्ये काहीतरी तपकिरी. मी झाडली गोळी. मग रात्री अंथरुणात पडल्यावर मनात आलं, तो आर्लन असता तर? नारिंगी कोट असतो, पण ते नारिंगी तरी मला कुठे धड दिसतंय. शेपटी कापली म्हणून नाही गं. शेपटी कापली तेव्हा मला हायसं वाटलं, की चला, आता न यायला निमित्त मिळालं."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मी एवढे दिवस युक्त्या लढवत होते, बापाचा अहंकार सांभाळत होते, आणि हा माणूस अहंकारानं नाही तर भीतीनं घरात बसला होता. सरळ विचारलं असतं तर कदाचित सांगितलंही असतं. पण आमच्याकडे सरळ कुणी विचारत नाही.

आत्यानं मात्र डोळ्यांतून पाण्याचा थेंब काढला नाही. ती म्हणाली, "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं."

"तो पोरगा..."

"वालफ्रिड, तू बोलायचं नाहीस. तुझ्यावर एका कुत्र्याचं देणं आहे. सोमवारी डॉक्टर. मग तो म्हणेल ते. आणि डोळे बरे झाले तर कॅम्पला जायचंस, व्हेर्ना शेजारी बसेल, ती हरीण म्हणेल तेव्हाच झाडायची गोळी. आणि पहिल्या दिवशी नावं घेशील तेव्हा मुस्तीचंही नाव घ्यायचंस. मी येणार आहे ऐकायला."

"कॅम्पात बायका..."

"व्हेर्ना बाई नाही का?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे त्यांना आत्ताच कळलं. मग ते म्हणाले, "ये."

डॉक्टरनं मोतीबिंदू काढला. बाबा म्हणाले, पोरगा बरा आहे, हात हलत नाहीत त्याचे, त्याला बंदुकीचं काम शिकवलं तर चालेल. लांबचं दिसायला लागलं, पण नेम धरायची रायफलीची मागची खाच आणि पुढची माशी, ती जवळची, ती धुरकटच राहिली. डेल्बर्टनं मला आधीच सांगितलं होतं की दुर्बिणीशिवाय गत्यंतर नाही. घरी आल्यावर बाबांनी कुणी न सांगता रायफल उचलली, रिकामी आहे ना ते तीनदा पाहिलं, आणि खिडकीतून दुर्बिणीला डोळा लावला. रायफल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवली.

"त्या बर्चला एवढ्या फांद्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून होत्या बाबा."

"बरं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या बुजगावण्याकडून नारिंगी कोट परत आणला.

नोव्हेंबरात शिकारीच्या पहिल्या दिवशी पहाटे आम्ही दोघं मचाणावर जाऊन बसलो, ब्लँकेट पांघरून, थर्मॉस मध्ये ठेवून. बाबा सबंध सकाळ कुजबुजत होते. ही खार बघ, ते कवक बघ. मी म्हटलं, गप्प बसा, हरणांना ऐकू येतं. उन्हं वर आली तेव्हा पाणथळीतून एक नर बाहेर आला. मी नीट पाहिलं, मागे काय आहे तेही पाहिलं, आणि म्हटलं, "हरीण."

बाबांनी रायफल उचलली. काळा प्लास्टिकचा दस्ता त्यांच्या खांद्यात असा बसला जसा काही तिथंच उगवला होता. "डावा कान फाटलाय त्याचा," ते पुटपुटले, "दिसतंय मला." मग गोळी झाडली. नर दोन उड्या मारून बसला आणि परत उठला नाही. बाबांनी रायफल रिकामी करून मांडीवर घेतली आणि हातमोजा काढून डोळे पुसले. म्हणाले, थंडीनं पाणी येतंय.

संध्याकाळी कॅम्पात सगळे जमले. नर बाहेर टांगलेला. आर्लन स्वतः मामाचं कौतुक सांगत फिरत होता आणि मधूनच त्या काळ्या दस्त्याकडे बघत होता. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "मामा, ही बंदूक सरपणाच्या खोलीत नाही का ठेवायची?" बाबा म्हणाले, "ठेवतो. तुझी बाहेर आण." चुलीशेजारच्या, बाबांच्या नेहमीच्या जागी सिग्ने आत्या बसली होती, मांडीवर पर्स. तिनं आल्या आल्या पर्समधून ती टाच काढून भिंतीवर बाबांच्या शेपटीशेजारी ठोकली होती, फूल वर करून. हे काय म्हणून पोरं विचारत होती आणि ती म्हणत होती, थांबा, कळेल.

जेवणापूर्वी बाबा पेला घेऊन उभे राहिले. टोप्या उतरल्या. आजोबांचं नाव घेतलं, त्यांच्या भावाचं, माझ्या आईचं, जी कॅम्पात कधी आली नाही पण जिच्या मांस-बटाटा भरलेल्या पॅस्टी सगळ्यांनी खाल्ल्या. आर्लनच्या वडिलांचं घेतलं, तेव्हा आत्यानं मान हलवली. नावं संपली असं वाटून आर्लननं पेला तोंडाला लावला.

"आणि मुस्ती," बाबा म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आर्लननं पेला खाली घेतला. "मुस्ती कोण, मामा? आपल्यातला होता?"

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. माझा बाप, ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या शेपट्या कापल्या, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुत्रा होता. निर्दोष होता."

आत्यानं डोळे टिपले आणि सगळ्यांना जेवायला वाढलं.